कमी खर्चात जास्त फ्रेम : रायझन ५ ५६०० या प्रोसेसरचे परीक्षण

मोजक्या पैशांत १४४ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणाऱ्या, मॉनिटरवर खेळता येईल असा संगणक ज्यांना जुळवायचा आहे, त्यांना मी आजही एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर सुचवतो. तो एप्रिल २०२२ मध्ये बाजारात आला, म्हणजे संगणकाच्या दुनियेच्या हिशेबाने जुना झाला. त्याच्यापेक्षा वेगवान प्रोसेसर त्यानंतर अनेक निघाले, आणि त्यांतला एक कोणी कधी घ्यावा हेही मी पुढे सांगणार आहे. तरीही रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, सावंतवाडी या भागांतून जे तरुण खेळाडू आणि त्यांचे पालक मला सल्ला विचारतात, त्यांचे बजेट, त्यांच्या घरातील वीज आणि हवा, आणि त्यांना खेळायचे असलेले खेळ हे सारे विचारात घेतले की बहुतेक वेळा बोट याच प्रोसेसरवर येऊन थांबते. हा संगणक मी माझ्या भाच्यासाठी रत्नागिरीत जुळवला असून उन्हाळा आणि पावसाळा असे दोन्ही ऋतू तो चाललेला मी पाहिला आहे.

प्रोसेसरची निवड करण्यापूर्वी एक गोष्ट नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण तिच्याविषयीच्या गैरसमजातून सर्वांत जास्त पैसे वाया जातात. खेळातील प्रत्येक चित्र, म्हणजे फ्रेम, दोन टप्प्यांत तयार होते. कोण कुठे उभा आहे, गोळी कोणाला लागली, सर्व्हरकडून काय निरोप आला, पडद्यावर कोणकोणत्या वस्तू काढायच्या आहेत, हा सारा हिशेब प्रोसेसर करतो आणि काढायच्या वस्तूंची यादी ग्राफिक्स कार्डाकडे सोपवतो. त्या यादीप्रमाणे प्रत्यक्ष ठिपके रंगवण्याचे काम कार्ड करते. रेझोल्यूशन कमी केले, सावल्या आणि इतर सजावट कमी केली, की कार्डाचे काम हलके होते. प्रोसेसरचा हिशेब मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणून स्पर्धात्मक खेळ खेळणारे लोक जेव्हा सर्व सेटिंग खाली आणून जास्तीत जास्त फ्रेम मिळवू पाहतात, तेव्हा ते नकळत सगळा भार प्रोसेसरवर टाकत असतात. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हर्ट्झवर तेच काम ६.९ मिलिसेकंदांत, आणि २४० हर्ट्झवर सुमारे ४.२ मिलिसेकंदांत उरकावे लागते. साठ फ्रेमवर ज्या प्रोसेसरची कधी कुरकुर ऐकू आली नाही, तोच १४४ वर धापा टाकू लागतो, याचे कारण हे आहे.

आपल्या सध्याच्या संगणकात अडथळा नेमका कुठे आहे हे घरच्या घरी तपासता येते आणि ते तपासल्याशिवाय काहीही विकत घेऊ नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. खेळाचे रेझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा आणि फ्रेमसंख्या पाहा. ती भरपूर वाढली तर अडथळा कार्डाचा आहे. ती जिथल्या तिथे राहिली तर प्रोसेसरचा, किंवा रॅमचा. टास्क मॅनेजरमध्ये दिसणाऱ्या प्रोसेसरच्या एकूण टक्केवारीवर मात्र विसंबू नये. बारा थ्रेड असलेल्या, म्हणजे एका वेळी कामाचे बारा धागे चालवणाऱ्या, प्रोसेसरमध्ये एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकडा जेमतेम आठ टक्क्यांनी वाढतो, आणि बहुतेक खेळांत मुख्य हिशेब एका-दोन थ्रेडवरच चालतो. त्यामुळे ‘प्रोसेसर तर चाळीस टक्केच वापरला जातोय’ असे म्हणून कार्ड बदलणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांना नव्या कार्डावर जुनीच फ्रेमसंख्या मिळालेली पाहून वाईट वाटले आहे.

दुसरी गोष्ट सरासरीची. दुकानात, जाहिरातीत, मित्रांच्या बोलण्यात नेहमी सरासरी फ्रेमसंख्या येते. खेळताना हाताला जाणवतो तो सर्वांत संथ फ्रेमचा झटका. सर्वांत संथ एक टक्का फ्रेमवरून जी फ्रेमसंख्या काढतात, तिला परीक्षणांत ‘वन पर्सेंट लो’ म्हणतात, आणि जास्त फ्रेमच्या संगणकासाठी प्रोसेसर निवडताना मी आधी तो आकडा पाहतो. चौघे-पाचजण एकाच दारातून आत घुसले, धूर पसरला, स्फोट झाले, की हिशेब एकदम वाढतो. सरासरी दोनशे असली तरी नेमक्या त्याच क्षणी संगणक नव्वदवर घसरला, तर त्या दोनशेचा खेळाडूला काही उपयोग झालेला नसतो. ज्या क्षणी नेम धरायचा त्याच क्षणी चित्र अडखळते. मी या लेखात प्रत्येक प्रोसेसरला हीच कसोटी लावली आहे.

आता प्रत्यक्ष प्रोसेसरकडे वळू. रायझन ५ ५६०० मध्ये सहा कोअर (हिशेब करणारे स्वतंत्र भाग) आणि बारा थ्रेड आहेत, कमाल वेग ४.४ गिगाहर्ट्झ, अधिकृत वीजमर्यादा ६५ वॉट, आणि तिसऱ्या पातळीची कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली छोटी पण वेगवान मेमरी, ३२ मेगाबाइट. या सर्वांत खेळाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आकडा शेवटचा आहे. खेळाच्या हिशेबात लागणारी माहिती लहान-लहान तुकड्यांत, विखुरलेल्या ठिकाणांहून, पुन्हा पुन्हा मागवावी लागते. ती कॅशमध्ये सापडली तर लगेच हाती येते. न सापडली तर रॅमपर्यंत जावे लागते आणि तेवढा वेळ, जो कॅशच्या कित्येक पट असतो, तो कोअर वाट पाहत रिकामा बसतो. एएमडीने नोव्हेंबर २०२० मध्ये आणलेल्या झेन ३ रचनेत याच बाबतीत मोठी सुधारणा झाली. आधीच्या झेन २ रचनेत, उदाहरणार्थ पुष्कळांच्या घरी असलेल्या रायझन ५ ३६०० मध्ये, ३२ मेगाबाइट कॅश १६-१६ अशा दोन भागांत विभागलेली होती आणि तीन-तीन कोअरच्या गटांना आपापलाच भाग जवळचा होता. झेन ३ मध्ये साऱ्या कोअरना सगळी कॅश एकत्र मिळाली. ५६०० ला खेळांत मिळणारी धार मुख्यतः इथून येते.

यामुळेच नावात जेमतेम शंभराचा फरक असलेला रायझन ५ ५५०० मी जास्त फ्रेमच्या संगणकासाठी सुचवत नाही. दोन्ही एकाच महिन्यात आले, दोन्हींत सहा कोअर आणि बारा थ्रेड, वेगही जवळपास सारखा, त्यामुळे दुकानदार ‘तेच आहे, थोडे स्वस्त’ असे सांगतो आणि गिऱ्हाइकाला ते पटते. प्रत्यक्षात ५५०० हा लॅपटॉपसाठी बनवलेल्या चिपमधील ग्राफिक्सचा भाग बंद करून विकला जाणारा प्रोसेसर आहे. त्याची तिसऱ्या पातळीची कॅश निम्मी, म्हणजे १६ मेगाबाइट आहे. शिवाय तो पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे प्रोसेसर आणि कार्ड यांना जोडणाऱ्या मार्गाच्या, चौथ्या पिढीऐवजी तिसऱ्या पिढीवर चालतो. रेडिऑन आरएक्स ६६०० किंवा जीफोर्स आरटीएक्स ४०६० यांसारखी आपल्या बजेटात बसणारी कार्डे या मार्गाच्या सोळाऐवजी आठच लेन (पदर) वापरतात. आरएक्स ६५०० एक्सटी तर फक्त चार. लेन कमी असलेल्या कार्डाला तिसऱ्या पिढीचा बोर्ड किंवा प्रोसेसर मिळाला की माहितीचा मार्ग निम्मा होतो, आणि कार्डाची स्वतःची मेमरी भरत आली की त्याचा त्रास झटक्यांच्या रूपाने दिसू लागतो. दोन्ही प्रोसेसरच्या किमतींत जो थोडका फरक असतो, तो वाचवून काहीच साधत नाही. आरजीबी दिव्यांचे पंखे किंवा काचेचे कॅबिनेट यांत तेवढी काटकसर करावी आणि ५६०० घ्यावा. ज्यांच्याकडे तूर्त कार्डासाठी पैसेच नाहीत त्यांनी ५६००जी चा विचार करावा, कारण त्यात अंगचे ग्राफिक्स आहेत. मात्र त्याचीही कॅश १६ मेगाबाइट आणि पीसीआय एक्सप्रेस तिसऱ्या पिढीचीच आहे, हे ध्यानात ठेवून. साध्या ५६०० मध्ये अंगचे ग्राफिक्स अजिबात नाहीत, कार्डाशिवाय पडद्यावर काहीही दिसणार नाही. ५६००एक्स हा नोव्हेंबर २०२० चा थोरला भाऊ ४.६ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. तो तेवढ्याच पैशांत मिळाला तर घ्यावा, नाहीतर त्याच्यामागे लागू नये.

व्हॅलोरंटसारखा खेळ ५६०० वर दोनशे फ्रेमच्या वर आरामात चालतो आणि गर्दीच्या क्षणीही १४४ चा पडदा तृप्त राहतो. काउंटर स्ट्राइक २ ची गोष्ट वेगळी आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेला हा खेळ आधीच्या ग्लोबल ऑफेन्सिव्हपेक्षा खूप जड आहे; तिथे सरासरी चांगली येते, पण धुमश्चक्रीत घसरण जाणवते. १४४ किंवा १६५ हर्ट्झसाठी ती सोसण्याजोगी आहे. ज्याला २४० हर्ट्झचा मॉनिटर घेऊन काउंटर स्ट्राइक २ गांभीर्याने खेळायचा आहे, त्याने ५६०० घेऊ नये, असे मी स्पष्टच सांगतो. त्याची जागा कुठे आहे ते पुढे येईल.

इंटेलकडून याला तोडीस तोड उत्तर म्हणजे जानेवारी २०२२ मधील कोअर आय५-१२४००एफ. सहा कोअर, बारा थ्रेड, कमाल वेग तोच ४.४ गिगाहर्ट्झ, तिसऱ्या पातळीची कॅश १८ मेगाबाइट. कॅश कमी दिसत असली तरी त्याच्या कोअरची रचना अधिक नवी असल्यामुळे खेळांतील निकाल ५६०० च्या अगदी जवळ राहतो. काही खेळांत हा पुढे, काहींत तो. इथे निर्णय मदरबोर्ड आणि रॅम यांच्या किमतीवर घ्यावा. १२४००एफ सोबत सर्रास विकला जाणारा एच६१० बोर्ड रॅमचा वेग ३२०० च्या पुढे नेऊ देत नाही आणि त्यावर रॅमच्या दोनच जागा असतात. याउलट ५६०० सोबत बी५५० बोर्ड घेतला तर ३६०० वेगाची डीडीआर४ (डीडीआर५ च्या आधीच्या पिढीची) रॅम लावता येते आणि झेन ३ ला तो वेग विशेष मानवतो. १२४००एफ च्या बाजूने एक मुद्दा आहे, तो म्हणजे त्याच सॉकेटवर (बोर्डावरच्या प्रोसेसर बसवायच्या जागेत) पुढे तेराव्या आणि चौदाव्या पिढीपर्यंत जाता येते. मात्र त्या दोन पिढ्यांतील वरच्या प्रोसेसरमध्ये जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरता निर्माण झाल्याचे २०२४ मध्ये खुद्द इंटेलने मान्य केले, त्यासाठी मायक्रोकोडची, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची, दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. बाराव्या पिढीला हा दोष नाही. पुढे-मागे जुना तेराव्या-चौदाव्या पिढीचा प्रोसेसर कोणाकडून विकत घेणार असाल, तर तो आधी कसा वापरला गेला होता हे कळायला मार्ग नसतो, आणि म्हणून त्या वाटेचे आकर्षण मला वाटत नाही.

चार कोअरचा आय३-१२१००एफ साठ-पंचाहत्तर फ्रेमसाठी ठीक आहे. पाठीमागे डिस्कॉर्ड, ब्राउझर आणि रेकॉर्डिंग चालू असताना त्याचे वन पर्सेंट लो पडतात. जास्त फ्रेम हवी असेल तर तो नको.

ज्यांना आणखी खर्च झेपतो त्यांच्यासाठी एएम५ सॉकेटवरचे रायझन ५ ७६०० आणि ७५००एफ आहेत. ७६०० जानेवारी २०२३ मध्ये आला. झेन ४ रचना, ५.१ गिगाहर्ट्झ, ३२ मेगाबाइट कॅश, डीडीआर५ रॅम. जुलै २०२३ चा ७५००एफ म्हणजे तोच, अंगच्या ग्राफिक्सशिवाय आणि नावापुरता कमी वेगाचा. काउंटर स्ट्राइक २ मध्ये आणि २४० हर्ट्झच्या मॉनिटरवर ५६०० जिथे थकतो तिथे हे दोघे उभे राहतात, आणि एएमडीने एएम५ ला किमान २०२७ पर्यंत पाठिंबा जाहीर केलेला असल्यामुळे पुढे फक्त प्रोसेसर बदलून संगणक अद्ययावत ठेवता येईल. अडचण आहे ती मदरबोर्ड आणि रॅमची. एएम५ वर डीडीआर५ च लागते, आणि २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी एवढी वाढवली की रॅमच्या किमती जगभर भडकल्या. डीडीआर४ ही त्यातून सुटलेली नाही, पण ती जुन्या संगणकातून काढून ५६०० ज्यावर बसतो त्या एएम४ सॉकेटच्या नव्या बोर्डावर लावता येते, आणि आपल्याकडे घराघरांत पडून असलेल्या जुन्या संगणकांचा विचार करता हा मोठाच दिलासा आहे. म्हणून माझा हिशेब असा : घरात चांगली डीडीआर४ रॅम असेल किंवा मॉनिटर १४४-१६५ हर्ट्झचा असेल तर ५६००, सगळेच नवे घ्यायचे असेल, मॉनिटर २४० हर्ट्झचा असेल आणि ग्राफिक्स कार्डाच्या पैशांना हात न लावता फरक भरून काढता येत असेल तर ७५००एफ. कार्डाचे पैसे कापून ७६०० घेण्यात काही अर्थ नाही.

एएम४ वरच ज्यांना पुढे जायचे आहे त्यांच्यासाठी ९६ मेगाबाइट कॅशचे ५८००एक्स३डी आणि जानेवारी २०२४ मधील ५७००एक्स३डी हे आदर्श प्रोसेसर होते. कॅशचा खेळावर किती परिणाम होतो याचा याहून चांगला पुरावा नाही : ५७००एक्स३डी चा कमाल वेग ४.१ गिगाहर्ट्झच, म्हणजे ५६०० पेक्षाही कमी, आणि तरीही खेळांत तो त्याला मागे टाकतो. आता ते नवे मिळणे कठीण झाले आहे. त्यांचाच धाकटा ५६००एक्स३डी २०२३ मध्ये अमेरिकेतील एकाच दुकानसाखळीत विकला गेला, त्यामुळे आपल्याकडे त्याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

प्रोसेसर कोणताही असो, तो बसवल्यावर करायच्या काही गोष्टी केल्या नाहीत तर त्याचा दोष नसताना त्याला बोल लागतो. रॅमच्या दोन पट्ट्या हव्यात. सोळा गिगाबाइटची एक पट्टी लावण्यापेक्षा आठ-आठच्या दोन लावल्या तर मेमरीचा मार्ग दुप्पट रुंद होतो आणि वन पर्सेंट लो मध्ये फरक डोळ्यांना दिसतो. कित्येक असेंबल केलेल्या संगणकांत ‘पुढे वाढवता येईल’ असे सांगून एकच पट्टी दिलेली असते. ती स्वीकारू नये. चार जागांच्या बोर्डावर या दोन पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या जागेत लावायच्या असतात. त्यानंतर बायोसमध्ये (संगणक सुरू होताना चालणाऱ्या, बोर्डावरच्या मूळ प्रोग्रॅममध्ये) जाऊन एक्सएमपी किंवा डीओसीपी चालू करावे, नाहीतर ३२०० किंवा ३६०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वरच धावत राहते. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट स्वतः १४४ वर न्यावा लागतो. नवा मॉनिटर घेऊन तो महिनोन्महिने ६० वर चालवणारे लोक आहेत. विंडोज ११ वर व्हॅलोरंटसाठी टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन सोयी चालू असणे बंधनकारक आहे. रायझन संगणकांत टीपीएम चालू केल्यावर मधूनच क्षणभर सगळे गोठल्यासारखे होण्याची तक्रार होती, ती एएमडीने मार्च २०२२ मध्ये मान्य केली आणि त्यावरचा इलाज नंतरच्या बायोसमध्ये आला. म्हणून एएम४ चा जुना बोर्ड असेल तर बायोस अद्ययावत करणे ही पहिली पायरी समजावी. ते करताना वीज जाता कामा नये, हे कोकणात राहणाऱ्या माणसाला वेगळे सांगायला नको.

विजेचा विषय निघालाच आहे तर तो पूर्ण करतो, कारण मुंबई-पुण्यात लिहिल्या जाणाऱ्या परीक्षणांत तो कधीच नसतो. आपल्याकडे जूनपासून फांद्या तारांवर पडतात, वीज दिवसातून अनेकदा जाते-येते, आणि गावाच्या टोकाच्या घरांत व्होल्टेज खाली-वर होत असते. कमी वीज खाणारा प्रोसेसर इथे थेट पैशांची बचत करतो. ५६०० पूर्ण भारावरही साधारण ७६ वॉटच्या मर्यादेत राहतो, आरएक्स ६६०० कार्ड १३२ वॉटचे आणि आरटीएक्स ४०६० तर ११५ वॉटचे. बोर्ड, पंखे, एसएसडी आणि मॉनिटर धरून सगळा संगणक खेळताना पावणेतीनशे वॉटच्या आत राहावा. ६०० व्हीएचा यूपीएस सुमारे ३६० वॉट पेलतो, म्हणजे तो कसाबसा पुरेल. १००० व्हीएचा घेतला तर सामना सोडून शांतपणे संगणक बंद करण्याइतका अवधी मिळतो. १२४००एफ ची कमाल मर्यादा ११७ वॉट आहे, पण खेळताना तो तिथवर क्वचितच जातो, त्यामुळे या बाबतीत तोही वाईट नाही. एसएमपीएस, म्हणजे संगणकाच्या भागांना वीज पुरवणारा डबा, मात्र नामांकित कंपनीचा, ॲक्टिव्ह पीएफसी असलेला आणि १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालणारा घ्यावा. कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा एसएमपीएस व्होल्टेज पडले की संगणक बंद पाडतो, आणि एक दिवस सोबत बोर्डही घेऊन जातो.

उष्णतेविषयी सर्वांना भीती वाटते, तिचे निरसन करतो. कूलर हवेपेक्षा थंड करू शकत नाही; खोलीचे तापमान जेवढे वाढेल तेवढेच प्रोसेसरचेही वाढते. मे महिन्यात पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या खोलीत वातानुकूलनाशिवाय ३३-३४ अंश असतात, आणि तिथेही ५६०० त्याच्या खोक्यात येणाऱ्या रेथ स्टेल्थ कूलरवर खेळताना सुरक्षित मर्यादेच्या आत राहिला. पंख्याचा आवाज मात्र वाढतो, आणि रात्री घरात सगळे झोपलेले असताना तो खटकतो. उंच उभा साधा एअर कूलर लावला की तो आवाज जातो. पाण्याच्या कूलरची या प्रोसेसरला गरज नाही. हवेतील दमटपणामुळे चालू संगणकाचे बिघडत नाही, कारण तापलेल्या भागावर पाणी जमत नाही. बिघडते ते पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे बंद पडून राहिलेल्या संगणकाचे. म्हणून श्रावणात खेळ नसला तरी संगणक अधूनमधून तासभर चालू करावा. मांडवी, मिऱ्या किंवा मालवणच्या किनाऱ्याला लागून असलेल्या घरांत खाऱ्या वाऱ्याने कॅबिनेटचे स्क्रू आणि पोर्टचे पत्रे गंजतात. समुद्राकडच्या खिडकीखाली संगणक ठेवू नये, आणि जाळीचे फिल्टर धुतले तर पूर्ण वाळल्यावरच परत लावावेत.

पिंगचा, म्हणजे सर्व्हरपर्यंत निरोप जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळेचा, आणि प्रोसेसरचा संबंध नाही, हेही इथेच सांगतो. व्हॅलोरंटचे सर्व्हर मुंबईत आहेत, त्यामुळे फायबर जोडणी असलेल्या रत्नागिरीकराला अंतराची अडचण नाही. गोळी लागूनही शत्रू मरत नाही ही तक्रार मोबाइलच्या हॉटस्पॉटवर खेळणाऱ्याची असेल, तर नवा प्रोसेसर घेऊन ती जाणार नाही. आधी जोडणी बदलावी.

खरेदी कुठून करावी? रत्नागिरी, कणकवलीत संगणकाची दुकाने आहेत आणि एसएमपीएस, मॉनिटर, यूपीएस या वजनदार आणि बिघडू शकणाऱ्या वस्तू मी तिथूनच घ्यायला सांगतो, कारण वॉरंटीसाठी पुन्हा त्यांच्याकडेच जाता येते. प्रोसेसर आणि रॅम मात्र मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा खात्रीच्या ऑनलाइन दुकानात बरेच स्वस्त पडतात. गणपतीला किंवा शिमग्याला गावी येणाऱ्या चाकरमान्याच्या बॅगेतून प्रोसेसर आणवणे हा आपल्याकडचा जुना आणि चांगला मार्ग आहे. त्याला दोनच गोष्टी बजावून सांगाव्यात. पहिली, जीएसटीचे पक्के बिल घ्यायचे आणि त्यावर अनुक्रमांक लिहून घ्यायचा. दुसरी, खोकेबंद प्रोसेसरच घ्यायचा. ‘ट्रे’ म्हणून सुटा विकला जाणारा प्रोसेसर चालतो तसाच, पण त्यासोबत कूलर येत नाही आणि वॉरंटी विक्रेत्याच्या शब्दावर असते, तर खोकेबंद प्रोसेसरवर कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते. बिघाड झाला तर मुंबईला खेप घालावी लागणाऱ्या माणसाने हा फरक पैशांत मोजावा.

घरी बसवणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. एएम४ प्रोसेसरच्या पोटाशी शेकडो बारीक पिना असतात, एएम५ आणि इंटेलच्या सॉकेटमध्ये त्या बोर्डावर असतात. ५६०० सॉकेटमध्ये ठेवताना कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण बोर्डावरच्या खुणेशी जुळवावा, तो आपल्याच वजनाने खाली बसला पाहिजे, बोटाने दाबायचा नाही. पुढे कधी कूलर काढायची वेळ आली तर आधी संगणक पंधरा-वीस मिनिटे चालवून थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधला उष्णता वाहून नेणारा लेप) मऊ होऊ द्यावी, मग संगणक बंद करून, वायर काढून, स्क्रू सैल करून कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवावा आणि नंतरच वर उचलावा. थंड आणि वाळलेल्या पेस्टवर तो सरळ वर ओढला, तर सॉकेटचा खटका लावलेला असूनही प्रोसेसर कूलरला चिकटून बाहेर येतो आणि पिना वाकतात. वाकलेल्या पिना वॉरंटीत बसत नाहीत.